ढोलीतली सुकसी

मामाजींनी मोहाच्या ढोलीत हात घातला आणि असा झटक्यानं बाहेर ओढला की त्यांचं कोपर खोडावर आपटलं. मी डबा खाली ठेवून चार पावलं परत फिरले होते. ओरडणं ऐकून वळले, तर सासरे उजव्या हाताचं मनगट डाव्या हातानं आवळून खाली बसलेले.

"काय झालं जी मामाजी?"

"काई नाई. तू घरी जाय."

"काई चावलं का?"

"नीळकंठाले पाठव." मग श्वास घेऊन म्हणाले, "सांगजो, झाडावर चावलं म्हून. ढोलीचं नाव काढू नोको."

त्यांच्या कपाळावर घाम होता आणि अंगठ्याच्या मुळाशी एक लाल टिपका होता. साप आहे, हे मी तिथंच ठरवून टाकलं. आणि आपल्यामुळंच चावला, हेही. घराकडं पळताना माझी एक चप्पल तुटून मागं राहिली, ते मला घरी पोचल्यावर कळलं.

या गोष्टीला बावीस वर्षं झाली. तेव्हा माझ्या लग्नाला तिसरं वर्ष होतं. आम्ही धिवर, म्हणजे बारा महिने नदीवर आणि तलावावर मासे धरणारी माणसं. पण पावसाळा सरला की गावातली सहा घरं जंगलातल्या ऐनाच्या झाडांवर कोसा करत. म्हणजे रेशमाच्या अळ्या झाडावर सोडायच्या, त्यांनी कोष विणेपर्यंत त्यांना पाखरांपासून, मुंग्यांपासून राखायचं आणि मग कोष तोडून विकायचे. चाळीस-पंचेचाळीस दिवसांचं काम. तेवढे दिवस राखणाऱ्या माणसाला कडक नेम असे. तो रानातल्या खोपडीत राहणार, दाढी करणार नाही, आणि मासा तोंडात घालणार नाही. धिवराला मासा सोडायला लावणं म्हणजे काय, ते धिवरालाच विचारावं.

बायकांसाठी नेम एकच होता. रानाच्या तोंडाशी एक जुनं मोहाचं झाड होतं, त्याच्या पलीकडं जायचं नाही. डबा मोहाखाली ठेवायचा आणि फिरायचं. तीन वर्षं मी कोशाच्या राखण्याला भाकरी पोचवत होते आणि एकही अळी मी डोळ्यांनी पाहिली नव्हती.

हा नेम काही नुसता बोलण्यापुरता नव्हता. माझ्या लग्नाच्या आदल्या साली पलीकडच्या घरची सून, रैवंता तिचं नाव, डबा घेऊन चुकून आत गेली. त्या साली अळ्या काळ्या पडून फांद्यांना लोंबू लागल्या. सगळ्या सहा घरांचा कोसा गेला. कोणी तिला मारलं नाही, झोडलं नाही. पण येताजाता प्रत्येकानं ऐकवलं. ती माहेरी गेली ती परत आलीच नाही. मी सून म्हणून आले तेव्हा गावानं मला सगळ्यात आधी हीच गोष्ट सांगितली.

आणि तरीही मी काय केलं, तर मामाजींना सुकसी नेऊन दिली. सुकसी म्हणजे वाळवलेली बारकी मासळी. तव्यावर भाजली की चार घरं वास जातो.

झालं असं की त्या वर्षी भादव्यात मामाजी तापानं महिनाभर अंथरुणावर होते. बरे झाले ते हाडांचा सापळा होऊनच. तरी राखणीला तेच गेले, कारण नीळकंठ, माझा नवरा, तलावाच्या ठेक्यावर होता. रोज वरण-भात, भाकरी, चटणी न्यायची, आणि रोज डबा अर्धा परत यायचा. एक दिवस मोहाच्या पलीकडून मामाजी म्हणाले, "पोरी, तोंडाले चवच नाई. घरी मडक्यात सुकसी हाय का?"

मला आधी हसू आलं. मग त्यांची गालफडं बघितली आणि हसू गेलं.

दुसऱ्या दिवशी मूठभर सुकसी भाजून, पळसाच्या पानात गुंडाळून, भाकरीच्या खाली ठेवून नेली. डबा चाटूनपुसून परत आला. तेव्हापासून दिवसाआड नेऊ लागले. मामाजी थोडी खायचे, उरलेली पानासकट मोहाच्या ढोलीत ठेवायचे. ढोलीचं तोंड रानाच्या बाजूला, हाताच्या कोपराएवढ्या उंचीवर होतं. घरी आत्याबाईंच्या नजरेआड मडक्यात हात घालताना माझा एक डोळा दाराकडं असायचा, कारण नेमाच्या बाबतीत माझ्या सासूबाई मामाजींच्याही वरचढ होत्या. सणाला दारात रांगोळीची रेघ वाकडी गेली तरी पुसून पुन्हा काढायला लावणारी बाई. पण मडकं कधी कमी झालेलं दिसायचं नाही. मी फारच बेतानं काढते, असं मला वाटायचं. स्वतःच्या हुशारीवर मी मनातून खूश होते.

ती खुशी त्या सकाळी उतरली.

नीळकंठानं बापाला सायकलच्या कॅरिअरवर बसवलं आणि तीन किलोमीटरवरच्या सरकारी दवाखान्यात नेलं. मी आणि आत्याबाई मागून जवळजवळ पळतच गेलो.  वाटेत मी अनवाणी आहे, हे त्यांनी बघितलं आणि आपल्या चपला काढून माझ्यापुढं टाकल्या.

डॉक्टर बोंद्रे नवेच आले होते, वय असेल अठ्ठावीस. त्यांनी मामाजींना खाटेवर झोपवलं, जखम धुतली, थोडं रक्त काढून काचेच्या नळीत भरलं आणि नळी टेबलावर उभी करून घड्याळ बघितलं.

"वीस मिनिटं हिला कोणी हलवायचं नाही," ते म्हणाले. "रक्त गोठलं तर एक चिंता गेली. बाबा, चावलं कुठं?"

"अंगठ्याले."

"ते दिसतंय. कुठल्या जागी होता तुम्ही?"

"झाडावर. अळी उचलून दुसऱ्या डांगीवर ठेवत होतो."

"साप दिसला?"

"नाई दिसला."

"पानांत होता का? हिरवा?"

"असल," मामाजी म्हणाले आणि भिंतीकडं बघू लागले.

मी दारात उभी होते. माझ्या जिभेवर शब्द येत होता आणि परत जात होता. ढोली म्हटलं की ढोलीत हात कशाला, हे आलं. मग सुकसी आली. मग रैवंता आली. अळ्या तेव्हा कोष विणायच्या बेतात होत्या. सहा घरांच्या वर्षाच्या कमाईचा सवाल होता, आणि काही बिघडलं तर कोणाच्या माथी बसणार, ते मला चांगलं ठाऊक होतं.

वीस मिनिटांनी डॉक्टरांनी नळी आडवी केली. रक्त थिजून बसलं होतं. नीळकंठानं सुस्कारा टाकला, पण डॉक्टर मामाजींच्या तोंडाकडंच बघत होते.

"बाबा, वर बघा. माझ्या बोटाकडं." मामाजींनी बघितलं, पण पापण्या अर्ध्यावरून खाली आल्या. "मान उचला." मान उचलली. "एका दमात आकडे म्हणा." मामाजी तेवीसपर्यंत गेले आणि थांबले.

डॉक्टर नीळकंठाला बाजूला घेऊन म्हणाले, "या पापण्यांचं मला काही खरं वाटत नाही. नाग किंवा मण्यार असेल तर पहिल्यांदा पापण्याच पडतात. मग श्वास. इंजेक्शन सुरू करावं लागेल. पण ते औषध सगळ्यांना सोसत नाही, आणि यांच्या अंगात ताकद किती आहे ते दिसतंच आहे. नागाचं काम असतं बिळात, ढोलीत, जमिनीलगत. झाडाच्या शेंड्यावर नाही. म्हणून मी पुन्हा पुन्हा विचारतोय, नक्की कुठं चावलं?"

"थे म्हनतेत झाडावर," नीळकंठ म्हणाला.

आत्याबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. माझ्याकडं न बघता त्या म्हणाल्या, "कौतुका, तुले काई ठाऊक असल तं सांग. मानसापरीस मोठं काई नाई."

आणि मी सांगितलं. सुकसी, पळसाचं पान, ढोली, किती दिवसांपासून, सगळं. सांगताना माझा आवाज मलाच परका वाटत होता. नीळकंठ माझ्याकडं असा बघत राहिला की जणू मी आत्ताच या घरात आले.

"खोटं बोलते थे पोरगी," खाटेवरून मामाजी ओरडले. "तिले काई ठाऊक नाई. मी झाडावर होतो."

"ओरडायला दम आहे, हे चांगलं लक्षण आहे," डॉक्टर म्हणाले.

तेव्हा मला आणखी एक आठवलं. "डाक्टरसाहेब, यांच्या पापण्या आज नाई पडल्या. चार दिवसांपासून अशाच हायत. अळ्या कोष विनाले लागल्या की हे रातभर जागतेत. काल डबा घेताना तं उभ्याउभ्या डुलकी घेतली."

डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. "हे सकाळीच कळलं असतं तर." त्यांनी पुन्हा मामाजींची मान उचलून बघितली, गिळायला पाणी दिलं, पुन्हा आकडे म्हणवले. या वेळी मामाजी रागारागात एकतीसपर्यंत गेले. "ठीक आहे. औषध भरून ठेवतो आणि दर दहा मिनिटांनी बघतो. तुम्ही दोघं जा आणि त्या ढोलीत काय आहे ते पाहून या. काठी घ्या. हात घालायचा नाही."

सायकलवर मी मागं बसले होते. अर्ध्या वाटेत नीळकंठानं विचारलं.

"किती दिस झाले म्हनली?"

"तीन आठवडे."

"अन् मले तं आठवडाभर नुसती भाजी वाढून राह्यली," तो म्हणाला. तो रागावला आहे की नाही, मला कळेना. त्यालाही कळत नसावं.

मोहाशी आल्यावर मी नेहमीच्या जागी थांबले. ढोलीचं तोंड पलीकडं. नीळकंठ वळसा घालून गेला, काठीनं खोडावर मारलं, वाट बघितली, पुन्हा मारलं. काहीच बाहेर आलं नाही.

"नेमकं कुठी ठेवत होते थे? अठी तीन-चार भोकं हायत," तो पलीकडून म्हणाला.

"वरच्या."

"कोनतं वरचं? ये अन् दाखव."

मी हलले नाही. त्यानं डोकं बाहेर काढून माझ्याकडं बघितलं. "ये कौतुका. बाप तठी पडला हाय."

मी मोहाच्या पलीकडं पाऊल टाकलं. काही झालं नाही. समोर ऐनाची झाडं होती आणि पानांमागून बारीक करकर आवाज येत होता. अंगठ्याएवढ्या जाड, हिरव्यागार अळ्या पानं खात होत्या. काहींनी पान गुंडाळून कोष धरायला घेतला होता. तीन वर्षं मी ज्यांच्यासाठी भाकऱ्या थापल्या त्या या. सुंदर होत्या. त्या घाईतही मला ते जाणवलं.

वरची ढोली जेमतेम वीतभर खोल होती, आणि तिला मागं दुसरी वाट नव्हती. दुपारचं ऊन सरळ आत पडलं होतं. पळसाच्या पानावर सुकसीचा चुरा होता आणि त्याला मुंग्यांची रांग लागली होती. साप तर नव्हताच, सापाला अंग वळवायलाही जागा नव्हती.

"मंग चावलं काय?" नीळकंठ म्हणाला.

तेवढ्यात ढोलीच्या कडेला पडलेला चिमूटभर कचरा दोन पावलं चालला.

आम्ही दोघं खाली वाकलो. धूळ, भुसा आणि त्यावर मेलेल्या मुंग्या, एकावर एक चिकटवलेल्या, असं ते इवलंसं गाठोडं होतं. ते थांबलं की नुसता कचरा वाटायचा. एक जिवंत मुंगी सुकसीचा तुकडा घेऊन त्याच्या अगदी जवळून निघाली. तिला काही संशय आला नसावा, कारण वास तिच्याच भावंडांचा येत होता. गाठोड्याखालून दोन पाय आले आणि मुंगी धरली. मग एक बाकदार सोंड पुढं आली आणि मुंगीच्या मानेत शिरली. मुंगीचे पाय थोडे थरथरले आणि थांबले. त्या किड्यानं सावकाश तिला आतून पिऊन घेतलं, आणि रिकामं कलेवर मागच्या पायांनी उचलून आपल्या पाठीवरच्या ढिगात ठेवून दिलं.

बाप दवाखान्यात, आणि आम्ही नवराबायको उकिडवे बसून हे बघत होतो.

नीळकंठानं फुंकर मारली. धूळ उडाली, दोन-चार मुंग्या खाली पडल्या. आत बारीक मानेचा, लांब पायांचा, निमुळत्या डोक्याचा किडा होता. सोंड त्यानं डोक्याखाली दुमडून घेतली होती.

"हा तं चोच्या," नीळकंठ म्हणाला आणि मटकन खाली बसला. "ऐनाच्या पानावर काळा-लाल मोठा असते ना, अळीले चोच मारून पिऊन टाकते, त्याच्याच जातीचा. मागच्या साली थो मोठा मले चावला होता. बोट दिसभर निखाऱ्यात ठेवल्यावानी. पन मले थो दिसला होता, म्हून भेव नाई वाटलं." तो हसायला लागला आणि हसता हसता त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं. मी त्याला हसू दिलं. 

डब्याच्या झाकणात किडा धरून आम्ही दवाखान्यात पोचलो तेव्हा मामाजी घोरत होते.

"दर दहा मिनिटांनी उठवतोय," डॉक्टर म्हणाले. "दर वेळी मला शिव्या देतात. गेल्या वेळी आकडे चाळीसपर्यंत गेले."

किडा बघून त्यांनी चष्मा काढला, पुन्हा लावला. "मारेकरी ढेकूण म्हणतात यांना. हे याचं पिल्लू दिसतं, पंख फुटले नाहीत अजून. किड्यांना मारायचं विष आहे याच्याकडं. माणसाला फक्त आग होते, पण ती भयंकर. बाबांनी मुठीत दाबलं असणार, म्हणून सोंड खुपसली. रात्रभर इथंच ठेवतो, खात्रीसाठी. पण मला वाटतं, जिंकलो आपण."

मी बाहेर हातपंपावर गेले, तोंडावर पाणी मारलं आणि मग तिथंच बसून मोकळेपणी रडले. आत्याबाई येऊन शेजारी उभ्या राहिल्या. पंप हापसत राहिल्या, पाणी वाहत राहिलं. 

संध्याकाळी नीळकंठ राखणीला रानात गेला. मामाजी उशीला टेकून बसले होते. झाकणातल्या किड्यानं तिथलीच धूळ अंगाला फासायला सुरुवात केली होती, आणि मामाजी ते टक लावून बघत होते.

"मामाजी, मी सांगून टाकलं. रागावले का जी?"

"एवढासा किडा," ते म्हणाले. "मी तं जायाची तयारी करून बसलो होतो."

"मंग सांगतलं काहून नाई? डाक्टर इतक्यांदा इचारत होते. ढोलीचं नाव घेतलं असतं तं..."

"अन् तुझं नाव?" मामाजींनी पहिल्यांदा माझ्याकडं नीट बघितलं. "मी मेलो असतो अन् कोसा बी गेला असता, तं गावानं तुले जगू देल्लं असतं का? रैवंता गेली तवा मी बी त्यातच होतो, कौतुका. मी बी दोन शब्द बोललो होतो तिले. साप तं एकदाच चावते."

 जीव जात असताना हा माणूस माझं नाव वाचवायला भिंतीकडं तोंड करून खोटं बोलत होता, आणि मी दारात उभी राहून स्वतःचाच विचार करत होते. मी त्यांच्या पायांना हात लावला. त्यांनी पाय ओढून घेतला. "राहू दे. अंगठ्याले लागते," म्हणाले. चावा हाताला होता.

त्या साली सहाही घरांचा कोसा चांगला उतरला. मी मोहाच्या पलीकडं गेले होते, राखण्यानं तीन आठवडे सुकसी खाल्ली होती, आणि कोष हाताला टणक लागत होते. पुढच्या हंगामात मामाजी स्वतः गावासमोर म्हणाले, आमची सून रानात येईल, चोच्याची अंडी तिच्या नजरेला लवकर दिसतात. दोन वर्षं कुरकुर झाली. मग बाकीच्या घरच्या बायकाही येऊ लागल्या. तिसऱ्या वर्षी मामाजी एकटेच रैवंताच्या माहेरी जाऊन आले. तिथं काय बोलले, ते त्यांनी कोणाला सांगितलं नाही. पण परत येताना तिनं दिलेली भोपळ्याची वेल घेऊन आले.

पण हे पुढचं झालं. त्या साली कोष तोडून झाले, नेम सुटला, आणि मामाजींसाठी मासळी शिजवायचा दिवस आला. मी चुलीपाशी होते. आत्याबाईंनी सुकसीचं मडकं माझ्यापुढं आणून ठेवलं. तोंडापर्यंत भरलेलं.

दवाखान्यानंतर या विषयावर आम्ही बोललोच नव्हतो. मला वाटलं, आता बोलायला हवं.

"आत्याबाई, माझं चुकलं. तुमचा नेम मी मोडला. मडक्यातून चोरून काढत होती मी. तरी फार नाई काढलं, तुम्ही बघा, मडकं कमी बी नाई झालं."

आत्याबाई चुलीत काटकी सारत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

"तीन आठवडे दिवसाआड मूठभर," त्या म्हणाल्या. "काढत तू होती. भरत कोन होतं?"